डावीकडचा घास

माझा मुलगा प्रेम, वय अडीच, महिनाभरापासून जेवताना एक विचित्र गोष्ट करत होता. वरणभाताचा पहिला घास स्वतःच्या हाताने उचलायचा, डावीकडे वळायचा आणि रिकाम्या हवेत धरून बसायचा. मी तो हात वळवून त्याच्याच तोंडात घातला की भोकाड पसरायचा. मग पुढचं जेवणच राहून जायचं.

नदीचं मूळ आणि ऋषीचं कूळ शोधू नये म्हणतात. मला ते कधी जमलं नाही. नांदेडला मी माती तपासायच्या प्रयोगशाळेत नोकरी करते, तिथं हा स्वभाव खपून जातो. घरी त्याला चोंबडेपणा म्हणतात. मी कामावर असते तेव्हा प्रेम पाळणाघरात असतो.

डावीकडे भिंत होती म्हणून मी प्रेमला खिडकीशी बसवून पाहिलं. तिथंही घास डावीकडेच. मग त्या बाजूला कापसाचं अस्वल ठेवलं. प्रेमने आधी अस्वलाकडे पाहिलं, मग माझ्याकडे, आणि आईला काही कळत नाही असं त्याचं ठरलं असावं. मी समोर बसून भरवत राहिले. आमच्याकडे लेकरू शाळेत जाईपर्यंत भरवायचंच असतं.

त्यातच देवणीहून सासूबाई आल्या. सासरे गेल्यापासून त्या तिथं एकट्याच राहतात. पहिल्याच जेवणाला हा प्रकार पाहून त्यांनी निकाल देऊन टाकला.

"धम्मा, लेकराच्या हातचा घास हिसकून घेऊन राहिल्यात तिथं. भ्यालंय ते. तुमचं पाळणाघर म्हंजे कोंडवाडा हाय. म्या नेते त्याला देवणीला. शाळंच्या वयाचा झाला की आण."

"आई, तिथं असं काही होत नाही."

"तू बघितलंस?"

नव्हतं बघितलं. सकाळी दारात सोडायचं, संध्याकाळी दारातून घ्यायचं, एवढीच माझी ओळख. नवऱ्याला विचारलं, तर आनंदराज म्हणतो, "आई म्हणती तर राहू दे की वर्ष-दोन वर्षं." जसा काही शेजारणीला कुकर द्यायचाय! मला भयंकर राग आला. आणि खरं सांगायचं तर रागापेक्षा भीती जास्त होती. लेकरू खरंच तिथं उपाशी राहत असेल तर कुठल्या तोंडाने नाही म्हणू?

दुसऱ्या दिवशी अर्धी रजा टाकली आणि सासूबाईंना घेऊन, न कळवता, ऐन जेवणाच्या वेळी तरोडा नाक्याला धडकले. पाळणाघर चालवणाऱ्या शरणम्मा मूळच्या देगलूरच्या. त्यांनी दार उघडलं आणि "रा अम्मा, या या," म्हणत सरळ आत नेलं.

सतरंजीवर पोरं गोल करून बसली होती, पुढे आपापले डबे. शरणम्मांनी टाळी वाजवली. प्रत्येकाने आपल्या डब्यातला घास उचलला आणि डावीकडच्याच्या तोंडात कोंबला. निम्मा नाकाला, निम्मा मांडीवर. मग जो तो स्वतःचं खाऊ लागला.

"समदे एकमेकाच्या डब्यावर टपायचे," शरणम्मा म्हणाल्या. "लई भांडणं. म्हणून पहिला घास शेजाऱ्याचा, असं लावून दिलं."

मला हसूच फुटलं. आणि लगेच वाईटही वाटलं. लेकरू वाटायला निघालं होतं आणि मी त्याचा घास त्याच्याच तोंडात कोंबत होते. घरी आम्ही ज्याच्या-त्याच्या वेळेला जेवणारी माणसं, त्याच्या डावीकडे बसणार कोण?

प्रेम मात्र अजून खात नव्हता. त्याच्या शेजारची लुंबिनी तापामुळे आली नव्हती. तिची जागा रिकामी, आणि हा घास धरून थांबलेला.

"आज्जी, तुम्हीच बसा की," शरणम्मा म्हणाल्या.

गुडघ्यावर हात टेकत सासूबाई बसल्या. प्रेमने गुपचूप घास त्यांच्या तोंडात घातला आणि जेवायला लागला. त्या तो एक घास कितीतरी वेळ चावत राहिल्या. तेवढ्यात त्यांच्या पलीकडच्या पोरीने त्यांच्याकडे बघून आ केला. लुंबिनी नाही म्हटल्यावर तिला कुणी भरवलंच नव्हतं. सासूबाईंनी प्रेमच्या डब्यातून घास उचलून तिला दिला.

प्रेमला तिथंच ठेवून आम्ही रिक्षाने निघालो. शेवटी मलाच राहवेना.

"मग आई, नेणार का प्रेमला?"

"न्हाई," त्या म्हणाल्या. "तिकडं त्याच्या संगं कोण बसंल? तुझे सासरे गेल्यापासून म्या उभ्या उभ्याच खाते. ताट सुदीक घेत न्हाई."

रिक्षा सिग्नलला थांबली.

"धम्मा, त्या बाईकडं म्हाताऱ्या माणसाला ठिवून घेत्यात का गं?"

चेष्टा असेल म्हणून मी हसत त्यांच्याकडे पाहिलं. त्या उत्तराची वाट बघत होत्या.