ग्रुप सोडण्याचा मुहूर्त

तमिळनाडूतल्या कारैकुडीच्या उमैयाळ आच्चीला व्हॉट्सअ‍ॅपवरचा माहेरचा ग्रुप सोडायचा होता. ऐकायला सोपं वाटतं. पण ज्या बाईने अडुसष्ट वर्षांत वडीलधाऱ्यांना न सांगता कुणाच्या घरातून पाय बाहेर टाकला नाही, तिने दोनशे बारा माणसांतून नुसतं बटण दाबून चालतं व्हायचं? शोभतं का हे?

पण कारणही तसंच होतं. मुलगा मुत्तैया मलेशियात पेनांगला, सून बाळंत होऊन नऊ दिवस झालेले, आणि आच्चीने अजून नातीचं तोंड पाहिलं नव्हतं. व्हिडिओ कॉल लावला की फोन अडून बसायचा, पाठवलेलं काही उतरायचं नाही.

"अम्मा, तुझ्या फोनमध्ये जागाच नाही," मुत्तैया वैतागून म्हणाला. "रोज सकाळी दोनशे जण गुलाब पाठवतात! नुसतं पुसून काय होणार, उद्या परत आहेतच. आधी त्या ग्रुपमधून बाहेर पड."

"अरे, अशी कशी पडू? अण्णांना काय वाटेल?"

अण्णा म्हणजे तिचा थोरला चुलतभाऊ सोलैयप्पन. बायको गेली, घर रिकामं झालं, तेव्हा त्यांनी हा ग्रुप काढला. सकाळचा पहिला नमस्कार त्यांचाच. आजवर एकतीस जण गुपचूप निघून गेले होते, आणि "मेल्यांना वळण म्हणून नाही," असं आच्चीच तेव्हा सगळ्यांना सांगत सुटली होती. आता बोलायची सोय राहिली नव्हती.

म्हणून मग तिने रीतसर जायचं ठरवलं. गुरुवारी दीडला राहुकाळ लागतो, म्हणून साडेबारालाच न्हाऊन, रेशमी साडी नेसून, देवापाशी दिवा लावून ती पूर्वेकडे तोंड करून उभी राहिली. लिहिलं, "सगळ्या थोरांना नमस्कार. मी येते. लोभ असावा."

लगेच देवकोट्टईच्या चुलतबहिणीचं, तेय्वानैचं उत्तर आलं, "कुठे निघालीस?"

पाठोपाठ आणखी चाळीस जणांचं, "कुठे?"

आता काय म्हणावं या लोकांना! निघालेल्या माणसाला कुठे म्हणून विचारू नये, हे शेंबड्या पोरालाही कळतं. आच्चीने फोन ठेवला, पाटावर टेकली, घोटभर पाणी प्यायली, जरा थांबली आणि पुन्हा लिहिलं. पुन्हा "कुठे?" पुन्हा पाट, पुन्हा पाणी. पाणी पिऊन पिऊन पोटाला तड लागली आणि शेवटी राहुकाळही लागला.

तीन वाजता राहुकाळ सरताच तिने स्पष्टच लिहिलं, "कुठे ते विचारू नका. मी ग्रुपमधून निघतेय."

मग काय, गहजबच! "आमच्या आच्चीला कोण काय बोललं?" "नाव सांग, बघून घेतो!"

तेय्वानैने तर स्वतःच अंगावर ओढून घेतलं, "माझ्या लेकीच्या लग्नात तुला पायसम दुसऱ्यांदा वाढलं नाही, तेच ना? बारा वर्षं मनात ठेवलंस बाई!"

मदुरैचा एक भाचा म्हणाला, पायसम तसंही पातळच होतं. झालं. पायसमवरून घराण्यात दोन तट पडले. अण्णांचं मात्र एक अक्षर नाही. ते दुखावले असणार, असं धरून आच्ची पुन्हा पुन्हा त्यांचंच नाव शोधत राहिली.

तेवढ्यात मुत्तैयाचा फोन आला. "अम्मा, तिने आत्ता जांभई दिली! व्हिडिओ पाठवलाय. उतरला का?"

कसला उतरतोय! आच्चीचं डोकं फिरलं. "खड्ड्यात गेलं तुमचं पायसम!" ती मोठ्याने म्हणाली, डोळे मिटून बटण दाबलं, आणि मुत्तैयाने सांगितलं तसं आठ वर्षांचे गुलाब पुसून टाकले.

व्हिडिओ उतरला. एवढंसं तोंड, आणि जांभई केवढी! नाक तर थेट माहेरचं. आच्ची रडली, हसली, सात वेळा पाहून झालं. मग तिने मान वर केली. घरात ती एकटीच होती. तिने अण्णांना फोन लावला.

"अण्णा, रागावलात ना माझ्यावर?"

"अगं, राग कसला? ते एकतीस जण न सांगता गेले. तू सांगून निघालीस. मी एक शब्द जरी लिहिला असता, तरी तुझा पाय निघाला नसता. म्हणून गप्प बसलो. वाईट वाटलं, पण ते आमचं आम्ही बघू."

"अण्णा, मला परत आत घ्या."

"आँ? दहा मिनिटं नाही झाली!"

"अहो, नात जांभई देतेय आणि बघायला मी एकटीच! हे काय बघणं झालं?"

पलीकडे खुर्ची सरकल्याचा आवाज आला.

"घेतो, घेतो. पण आधी मला एकट्याला दाखव. थांब, चष्मा आणतो."