फाल्गुनातली हळद

हट्ट्यापासून दोन कोसांवर असलेल्या आमच्या गावात १९४२ साली एक बालवर्ग भरत असे. महादेवाच्या देवळाची उत्तरेकडची पडवी ही त्याची जागा. उत्तमराव म्हणून एक गृहस्थ गावच्या टपालाचे काम पाहायला आले होते. त्यांच्याबरोबर त्यांच्या पत्नी अनुसयाबाई आल्या आणि आल्यापासून पंधरा दिवसांत त्यांनी घरोघर फिरून अकरा मुले गोळा केली. आम्ही त्यांना नुसते बाई म्हणत असू. त्या अमरावतीकडच्या होत्या. लहान मुलांना शिकवण्याचे काही शिक्षण त्यांनी तिकडे घेतले होते.

त्या वर्गात आम्ही काय करत होतो, हे मला आजही क्रमाने सांगता येते. आल्याबरोबर हातपाय धुवायचे. मग चिंचोक्यांचे दहा-दहाचे ढीग लावायचे. मग बाई प्रत्येकाच्या हातात एक पान ठेवत आणि देवळाच्या आवारातले त्याचे झाड शोधून यायला सांगत. कधी डोळे बांधून ओवा, हिंग, धने, चुना असे नाकापुढे धरत. चुन्याला वास नसतो असे मी म्हणाले, तेव्हा बाईंनी मला तो पुन्हा हुंगायला लावला आणि मग ओला करून हुंगायला लावला. फाल्गुन लागल्यावर पळसाची फुले आणून आम्ही घंगाळात भिजत घातली आणि दर तासाला पाणी किती पिवळे झाले ते पाहत राहिलो. पिंपळाची कोवळी पाने तांबूस असतात ती हिरवी व्हायला किती दिवस लागतात, हेही आम्ही एका फांदीला दोरा बांधून मोजले. त्याचे उत्तर मात्र मला आता आठवत नाही.

माझे वय तेव्हा सहा वर्षांचे. आमच्या मळ्यात हळद होती आणि त्या दिवसांत ती काढून, शिजवून, वाळत घालण्याची घाई चाललेली असे. माय पहाटेच मळ्यात जाई. तान्हा भाऊ आठ महिन्यांचा होता. त्याला झोळीत घालून माय कामाला लागली की तो रडे, आणि तो रडला की तिचे काम थांबे.

"सिंधी घरी राहिली तर मला दोन हात जास्ती होतील," ती एका रात्री जेवताना माझ्याविषयी दादांना म्हणाली. "तिथं काय, चिंचोके मोजून राहिली."

दादांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, भाकरी मोडली आणि माझ्याकडे पाहिले. "पाडव्यापर्यंत जाऊ द्या. पाडव्याला पाटी पुजायला सगळ्यांनाच बोलावलंय बाईनं. मी सोता पाहीन काय शिकली ते. नुसता खेळच असंल तर बसंल घरी, लेकरू सांभाळंल."

दादा बोलले की ते तसेच होत असे. पाडव्याला एकोणीस दिवस होते.

दुसऱ्याच दिवशी बाईंनी गृहपाठ दिला. संक्रांतीची सुगडे प्रत्येकाच्या घरी होतीच. त्यातले एक घ्यायचे, बुडाला भोक पाडायचे, माती भरायची आणि आपल्या घरी जे पिकते त्यातले काहीही एक लावायचे. सुगड घरीच ठेवायचे. रोज सकाळी त्यात काय दिसते ते पाहायचे आणि वर्गात येऊन पडवीच्या भिंतीवर कोळशाने काढायचे. बाईंनी भिंतीवर चुन्याच्या रेघांनी चौकटी आखल्या होत्या, प्रत्येकाची एक ओळ. पाडव्याला सुगडे घेऊन यायची.

"जे दिसलं तेवढंच काढायचं," त्या म्हणाल्या. "जास्त नाही, कमी नाही."

कोणी हरभरा लावला, कोणी मूग. दुकानदार पुनमचंदांचा गुलाबचंद याने दुकानातली मेथी लावली. पेमा ही नामाजी धनगराची मुलगी. त्यांची शेळ्यामेंढरे खतासाठी आमच्या शेतात बसत, आणि ती बसतील तेवढे दिवस पेमा वर्गात येई. तिने बाभळीच्या बिया आणल्या, त्याही शेळ्यांच्या वाड्यातून, लेंड्यांतून वेचून. सगळ्यांनी नाके मुरडली.

"शेळीच्या पोटातून निघालेलं बी लवकर येतं," पेमा म्हणाली. "हसा. मंग पाहा."

मी हळद लावणार हे ठरलेलेच होते. दादांचे नाव किसनराव, आणि किसनरावांची हळद वसमतच्या बाजारात नावाने विकली जाते हे मी घरी ऐकले होते. खळ्यावर वाळत घातलेल्या हळकुंडांतून मी सर्वांत जाड, सर्वांत पिवळे असे एक निवडले. ते मातीत पुरले, पाणी घातले आणि सुगड रांजणामागे ठेवले.

चौथ्या दिवशी मूग आले. पाचव्या दिवशी मेथी. गुलाबचंदाच्या ओळीत मात्र तिसऱ्या दिवशीच झाड होते आणि सहाव्या दिवशी त्या झाडावर दोन पोपट बसले होते.

"पोपट केव्हा आले रे?" बाईंनी विचारले.

"काल, बाई. दुपारून."

"मेथीवर?"

"लहान पोपट होते, बाई."

माझ्या ओळीत रिकामी सुगडे होती. सातव्या दिवशी पेमा माझ्याबरोबर घरी आली, रांजणामागे वाकली आणि बोटाने माती उकरून तिने माझे हळकुंड बाहेर काढले. ते मऊ पडले होते. तिने ते नाकाशी नेले आणि माझ्याकडे असे पाहिले की मला काय चुकले ते कळण्याआधीच लाज वाटली.

"सिंधे, हे खळ्यावरून घेतलंस?"

"व्हय."

"खळ्यावरची शिजवलेली असती! येडी का खुळी तू? शिजवलेल्या अंड्यातून पिल्लू निघतं का?"

कढईतली वाफ मी जन्मापासून पाहत होते. काडी सहज आत गेली की हळद शिजली, हेही मला ठाऊक होते. पण शिजणे आणि मरणे या दोन गोष्टी माझ्या डोक्यात कधी शेजारी आल्या नव्हत्या. आमच्या घरात हळद म्हटले की जे डोळ्यांपुढे येई ते पिवळे, टणक, वाळलेले असे.

पेमाने कोणाला सांगू नये म्हणून मी तिला गूळ दिला. मग आम्ही दोघी मळ्यात गेलो. आंब्याखाली पुढच्या लागवडीचे बेणे पाल्याने झाकून ठेवलेले होते. त्यातला एक गड्डा, चांगला डोळा असलेला, मी ओच्यात लपवून आणला. बेण्याला हात लावायचा नाही असा आमच्याकडे नियम होता. पाडव्याला बारा दिवस उरले होते, आणि मूग तर चारच दिवसांत आला होता.

गड्डाही आला नाही.

मी दिवसातून पाच वेळा पाहत असे. दोनदा उकरूनही पाहिले. तो मऊ पडला नव्हता, त्याला बुरशी नव्हती. तो होता तसाच होता, जणू मी त्याला लावलेलेच नाही. मोहरीएवढा डोळा बंदच होता. घरी माय भावाला थोपटताना म्हणे, "आता थोडेच रोज राहिले बाबा, मंग ताईपाशीच राहायचं तुला." ती प्रेमाने म्हणे. मी उठून बाहेर जाई.

पाडव्याच्या चार दिवस आधी मी भिंतीवर माझ्या चौकटीत सुगड काढले आणि त्याच्यावर एक पान काढले. एकच, उभे, टोकदार. हळदीचे पान कसे असते हे मला पाहायची गरजच नव्हती.

बाई येऊन माझ्यामागे उभ्या राहिल्या.

"आलं वाटतं?"

मी मान हलवली.

"छान. कोणत्या बाजूला वळलंय ते? दाराकडे की भिंतीकडे?"

त्यांनी अगदी साधेपणाने विचारले. त्यांना खरेच जाणून घ्यायचे होते, असे मला तेव्हाही वाटले आणि अजूनही वाटते. मी उत्तर शोधले. दाराकडे म्हणावे तर म्हणता आले असते. पण माझ्या डोळ्यांपुढे ते पानच नव्हते, त्यामुळे त्याला बाजूही नव्हती. बाई पेमाच्या ओळीकडे गेल्या. तिच्या बाभळीला पिसासारखी बारीक पाने आली होती, आणि पेमा ती एकेक करून भिंतीवर काढत होती.

मी अंगठा ओला करून पान पुसले. कोळसा पुरता निघाला नाही. एक करडा डाग राहिला.

पाडव्याच्या दिवशी सकाळी गुढ्या उभ्या झाल्यावर सगळे पडवीत जमले. पाट्यांवर सरस्वती काढली, हळदकुंकू वाहिले, कडुनिंबाची चटणी वाटली. मुले आपापली सुगडे पुढे ठेवून बसली. दादा धुतलेले धोतर नेसून आणि नवा पटका बांधून आले होते. माय भावाला घेऊन खांबापाशी उभी होती. दादा ओळीने पाहत आले. गुलाबचंदाची मेथी पिवळी पडून आडवी झाली होती. पेमाची बाभूळ बोटभर उंच होती आणि नामाजी तिच्याकडे पाहून मिशीत हसत होता. मग दादा माझ्यापुढे थांबले.

माझ्या सुगडात माती होती.

"किसनराव," पुनमचंद मागून म्हणाले, "सगळ्या तालुक्याला हळद पुरवता आन् घरच्या लेकीची उगवंना का?"

माणसे हसली. दादा हसले नाहीत. ते उकिडवे बसले, माती बाजूला केली, गड्डा उचलून बोटांत फिरवला.

"कुठून आणलास?"

"बेण्यातून."

"पयले तर हिनं शिजवलेली लावली होती!" पेमा ओरडली. गुळाची मुदत बहुधा संपली होती.

आता सगळेच मोठ्याने हसू लागले. दादांच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. तेवढ्यात बाई पुढे आल्या.

"किसनराव, चूक माझी आहे. आमच्याकडं हळद नाही. ती किती दिवसांनी उगवते ते मला माहीत नव्हतं, आणि मी विचारायलाही आले नाही. तुम्ही सांगता का मुलांना?"

शाळेत कोणी आपल्याला काही विचारील असे दादांना वाटले नसावे. मग त्यांनी तो गड्डा मुलांपुढे धरला.

"ही मेलेली न्हाई. झोपली हाय. हिला जमिनीतून काढून महिना झाला. आनखी दोन महिने ही उठत नसती. पाणी घाला, दूध घाला, काही करा. उन्हाळा सरत आला का हा डोळा फुगतो. मंग लावायची."

"झोपेत तिला भूक लागत न्हाई?" एका मुलाने विचारले.

"ती जेवण सोबत घेऊनच झोपती. हे सगळं," त्यांनी गड्ड्याच्या पोटावर बोट टेकवले, "तिचं जेवणच हाय."

मी पुढे वनस्पतिशास्त्र शिकले तेव्हा ही गोष्ट एका जाड पुस्तकात अर्धे पान भरून दिलेली होती. तिच्यात चूक काहीच नव्हती, आणि दादांच्या बोलण्यातही नव्हती.

उठताना दादांचे लक्ष भिंतीकडे गेले. मूग, हरभरा, मेथी, पोपट. आणि एक ओळ रिकाम्या सुगडांची.

"हे कुणाचं?"

"सिंधूचं," बाई म्हणाल्या.

दादांनी बोट ठेवत ठेवत सगळी सुगडे मोजली. करड्या डागापाशी बोट थांबले. "आन् हे?"

खोटे सांगायला जागाच नव्हती. "ते खोटं पान होतं."

"मंग पुसलं काहून?"

"बाईनं विचारलं कोणीकडं वळलंय. मला दिसलंच नव्हतं."

दादा त्या डागाकडे पाहत उभे राहिले. मी त्यांच्या पायांकडे पाहत होते. माय खांबापासून एक पाऊल पुढे आली. बहुधा आता घरी जायचे असे तिला वाटले असावे.

"बाई," दादा म्हणाले, "हिचा अभ्यास तर पुरा झालाच न्हाई. हा गड्डा उठायला आनखी दोन महिने हायेत. तवर तिला धाडावंच लागंल."

"आणि उगवल्यावर?" बाईंनी विचारले. त्यांच्या तोंडावर हसू नव्हते.

"उगवल्यावर पानं कोण मोजंल?" दादा म्हणाले. "नऊ महिन्यांचं पीक हाय हे, बाई."

"अवं, आन् लेकरू?" माय म्हणाली.

"लेकरूही जाईल सोबत."

"इथं? शाळंत?"

"मंग? महादेव काय त्याला हाकलून देतो व्हय?"

दुसऱ्या दिवशी सकाळी मी तान्ह्या भावाला कडेवर घेऊन पडवीची पायरी चढले. तो वाटेत दोनदा घसरला होता आणि माझ्या खांद्यावर त्याची लाळ होती. बाईंनी त्याला माझ्याकडून घेतले, पाटावर बसवले, हाती एक लाकडी पळी दिली. मग त्यांनी मला त्याचे नाव विचारले, आणि हजेरीत माझ्या नावाखाली ते लिहिले.