पंचफुलाच्या हातचं औषध

म्हाताऱ्या डोमाजीची पाच औषधं बंद होऊन एकच उरलं. पण असं काही झालंच नाही, असं धरून तो ओसरीवर आ करून बसला.

"मिटा थे तोंड," बायको पंचफुला म्हणाली. "औषधायनंच चक्कर येते, म्हने डॉक्टर."

"येऊ दे. मले सवय झाली चक्करची."

सुनांदेखत नवराबायकोनं दिवसा शेजारी बसायची घरात रीत नव्हती. औषध पाजायला मात्र कोणाची हरकत नसे. बाटली हलवता हलवता दोघांचं बोलणं व्हायचं.

पंचफुलानं सुनांकडे पाहिलं, रिकाम्या बाटलीत पाणी भरलं आणि ती हलवत शेजारी टेकली.

घोट घेऊन डोमाजी कलेक्टरपुढं उभा असल्यागत म्हणाला, "सबब, सदर पाणी पत्नीच्याच हस्ते दिवसभर मिळावं, असा सरकारी हुकूम तहहयात व्हावा, ही विनंती."