पारण्याआधीचा फोन

एकतीस वर्षं मी भुसावळला रेल्वेच्या कंट्रोलमध्ये काढली. सेक्शन कंट्रोलर होतो. म्हणजे कोणती गाडी पुढे काढायची आणि कोणती शिरसोलीच्या लूप लाइनवर उभी करायची, हे ठरवणारा माणूस. लोकांना वाटतं, गाडी लेट झाली म्हणजे कंट्रोलवाला चहा पीत बसला असेल. बसला असेल तुमचा काका! एकीकडून दीपनगरच्या वीज केंद्राचा कोळसा, दुसरीकडून मनमाडच्या मेल गाड्या, मध्येच कुठे रूळ तडकलेला, आणि हे सगळं एका कागदावर पेन्सिलीनं ओढत आठ तास बसायचं. बसून बघा, मग बोला.

त्यात फोन. "पाटीलसाहेब, आमचे साहेब गाडीत आहेत, जरा पुढे काढा ना." मी कुणाला दाद दिली नाही. माझ्या सख्ख्या मेहुण्याचं वऱ्हाड शिरसोलीला दीड तास उभं राहिलं, नवरदेव फेटा बांधून प्लॅटफॉर्मवर फेऱ्या मारत होता, तरी मी आधी मेल काढली. बायको चार महिने माझ्याशी धड बोलली नाही. पण फोनवर गाडी सोडायची नाही म्हणजे नाही. झुलाल पाटलाचं हे बठ्ठ्या भुसावळला माहीत होतं.

हे आधीच सांगतो, कारण या आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, मी काय माती खाल्ली ते मग नीट कळेल.

जळगावला आमच्या भिंतीला भिंत लागून बन्सीलालजींचं घर. कापडाचं दुकान, जैन माणसं, चाळीस वर्षांचा शेजार. त्यांची बायको मोहनबाई, वय चौऱ्याहत्तर. माझी बायको आजारी होती तेव्हा माझी नूतन शाळेतून आली की थेट मोहनबाईंच्या स्वयंपाकघरात जायची. दोन वर्षं ती पोर त्यांच्याकडेच जेवली. तर या मोहनबाईंनी यंदा वर्षीतप केलं. वर्षभर एक दिवस उपवास, एक दिवस जेवण. उपवासाच्या दिवशी फक्त उकळलेलं पाणी, तेही सूर्य मावळायच्या आत. हे तप आखाजीला सुटतं, उसाच्या रसानं, आपल्या माणसाच्या हातून.

इथवर ठीक. पण बाईंनी वरून अभिग्रह घेतला. म्हणजे साध्वीजींसमोर शब्द दिला की रस घेईन तर नातवाच्या, अर्हमच्याच हातून, नाही तर उपवास पुढे चालू. आणि अर्हम कुठे? दुबईला.

"अगं, नियम घेताना विमानाचं टाइमटेबल तरी बघायचं!" बन्सीलालजी म्हणाले. बाई नुसत्या हसल्या. नियम घेतला तेव्हा आखातातली लढाई कुठे सुरू झाली होती?

लढाई सुरू झाली आणि सगळंच बोंबललं. अर्हमचं आखाजीच्या दोन दिवस आधीचं विमान रद्द, आदल्या दिवशीचंही रद्द. का, ते मला माहीत होतं, कारण माझी नूतन मुंबईला विमानांच्या कंट्रोलमध्ये आहे. बापाची गादी चालवते म्हणून मी गावभर सांगत फिरतो. आठ दिवसांपूर्वी तिचा फोन आला होता, आखाजीची सुटी रद्द झाली म्हणून.

"नाना, तिकडचं आकाश बंद आहे," ती म्हणाली. "एरवी पाच वाटांनी येणारी विमानं आता दोन वाटांनी, समुद्रावरून येतायत. समजा तुमच्या डबल लाइनमधली एक बंद पडली आणि दोन्हीकडच्या गाड्या एका रुळावर आल्या."

"मग मागे थांबवा," मी म्हणालो.

"तेच करतोय. वर घिरट्या घालून तेल जाळण्यापेक्षा तिकडे जमिनीवरच थांबवतोय. दोघांत दहा मिनिटांचं अंतर ठेवून एकेक घेतोय. एका माणसाच्या डोक्यात एका वेळी किती विमानं मावतील, नाना?"

मला केवढा अभिमान वाटला! मी म्हणालो, "ड्युटी आधी. आखाजी काय, पुढच्या वर्षी पण येईल." ती "बरं" म्हणाली. मग तिनं एक नंबर लिहून घ्यायला लावला. ड्युटीवर मोबाइल बाहेर ठेवावा लागतो, म्हणून तिच्या वरिष्ठांच्या टेबलावरचा. "घरात कुणाचं बरंवाईट झालं तरच, नाना. एरवी नाही." मी तो कॅलेंडरवर लिहून ठेवला.

आखाजीचा दिवस उजाडला. मोहनबाईंचा आदल्या दोन दिवसांचा सलग उपवास झालेला. डॉक्टर काल येऊन सांगून गेले होते, रक्तदाब खाली आहे, आता तिसरा दिवस नको, या वयात जिवावर बेतेल. अर्हमचं विमान आपल्या वेळेप्रमाणे सकाळी सातला सुटायचं होतं. मुंबईला उतरून, तिथे गाडी घेऊन गेलेल्या वडलांबरोबर नाशिक, धुळे करत सहापर्यंत जळगाव. सूर्यास्त सहा त्रेपन्नला. बाई त्यानंतर तोंडात पाण्याचा थेंब घेणार नाहीत. म्हणजे हाताशी होता पाऊण तास.

साडेसातला अर्हमचा मेसेज आला. विमानात बसलोय, दारं बंद झालीत, विमान जागचं हलत नाही.

पावणेआठला बन्सीलालजींची सून, अर्हमची आई चेलना माझ्या ओट्यावर. डोळे लाल. "नाना, नूतनला एक फोन करा ना. ती तिथेच बसते. तिनं म्हटलं तर सोडतील."

"चेलना, तसं नसतं ते."

"एका विमानानं काय होतंय, नाना?"

हेच वाक्य! एकतीस वर्षं ऐकलेलं हेच वाक्य! माझं डोकं फिरलं. मी तिला लाइन, अंतर, डोक्यात मावणारी विमानं, सगळं समजावायला लागलो. ती ऐकतही नव्हती. मागून बन्सीलालजी आले. चाळीस वर्षांत या माणसानं माझ्याकडे काही मागितलं नव्हतं. हात जोडून उभे राहिले. म्हणाले, "झुलालभाऊ, ती आज नाही प्यायली तर उद्या काय होईल, मला सांगवत नाही."

मी आत गेलो आणि कॅलेंडरवरचा नंबर फिरवला.

"नूतन पाटीलच्या घरून बोलतोय," एवढंच मी म्हणालो. पलीकडचा माणूस "एक मिनिट" म्हणून धावला. मला खुर्ची सरकल्याचा आवाज आला, कुणाला तरी हाक मारल्याचा आला. मग नूतन.

"नाना? काय व्हयनं?"

"काही नाही गं. मी बरा शे. ते अर्हमचं विमान पन्नास मिनिटं झाली, दुबईला उभं आहे. मोहनबाईंचं पारणं..."

मला वाटलं फोन कटला.

"नूतन?"

"मी विमानं दुसऱ्याच्या हाती देऊन उठले, नाना. तो रात्रपाळी करून मागच्या खोलीत जरा पडला होता, त्याला उठवून माझ्या जागी बसवलं. मला वाटलं, तुम्हाला काही झालं."

"अगं, पण काकीचा जीव..."

"तुम्ही कंट्रोलवर असताना कुणी असा फोन केला असता तर?"

मी कॅलेंडरवरचा तो नंबर बोटानं पुसायला लागलो.

"सांगा ना."

"ठेवला असता," मी म्हणालो.

तिनं ठेवला.

राग कुणाचा आला म्हणून विचाराल, तर सगळ्यांचा. लढणाऱ्यांचा, चेलनाचा, मोहनबाईंच्या अभिग्रहाचा. सगळ्यात जास्त माझाच आला, पण तो मी नूतनवर काढला. मनात म्हणालो, बापाला असं बोलतात? बाहेर आलो तर चेलना मोबाइल नाचवत ओरडतेय, "सुटलं, नाना! आठ दहाला सुटलं!" बन्सीलालजींनी मला मिठी मारली. "नूतननं काम केलं बरं!"

विमान आपल्या नंबरानं सुटलं होतं. नूतननं बोटही लावलं नव्हतं. मला ते माहीत होतं, आणि मी तोंड उघडलं नाही. शाबासकी घेतली आणि त्यांच्या घरचा चहा पण घेतला. घ्या, हा तुमचा कडक झुलाल पाटील.

मग दिवसभर हिशेब. अकरा वाजता उतरायचं, ते अकरा वीसला उतरलं. पावणेबारा होऊन गेले तरी बाहेर येईना. मी नूतनच्या मोबाइलवर फोन केला, तो बंद होता, तर मेसेज टाकला: उतरायला एवढा वेळ का? दुपारी परत फोन. उचलत नाही म्हणजे काय? चारला परत. "गाडी आता मालेगावच्या पुढे आहे, तू तेव्हा दहा मिनिटं आधी सोडलं असतंस तर..." हे मी खरोखर लिहिलं. ज्या माणसानं सख्ख्या मेहुण्याला शिरसोलीला दीड तास उभं केलं, त्यानं.

गावातल्या पोरी माहेरी आलेल्या. गल्लीच्या टोकाला निंबाला झोके बांधलेले, त्यावर बायांची गाणी चाललेली. माझ्या घरात गेलेल्या बायकोच्या नावची घागर मांडली होती, पुरणपोळी शेजारून आली होती. मी जेवलो. दोनदा जेवलो, खोटं का सांगू?

सहाला गाडी धुळ्याच्या पुढे, पारोळ्याजवळ. साडेसहाला एरंडोल. बन्सीलालजींच्या हॉलमध्ये पाटावर रसाचे छोटे छोटे कलश मांडलेले, एकशे आठ. मोहनबाई लोडाला टेकून बसलेल्या, ओठ पांढरे पडलेले. सगळे घड्याळाकडे बघत होते आणि सहा त्रेपन्न झाले. बाईंनी हात जोडून पुटपुटत दुसऱ्या सकाळपर्यंत काही न घेण्याचा नियम म्हटला. पाण्याचा पेला त्यांनीच बाजूला सारला.

अर्हम सात दहाला आला. धावत जिना चढला आणि आजीच्या पायांवर डोकं ठेवून रडायला लागला. सतरा मिनिटं. फक्त सतरा मिनिटं!

चेलना माझ्याकडे वळली. "नूतननं मनावर घेतलं असतं तर अजून आधी सुटलं असतं, नाना. लहानपणी याच घरात जेवली ती."

आणि मी? मी पोरीची बाजू घ्यायची सोडून म्हणालो, "मी तिला सांगितलं होतं. तिनं ऐकलं नाही."

तेव्हा मोहनबाईंनी डोळे उघडले. जन्म दुकानात गेलेला, गिऱ्हाइकांशी बोलून बोलून त्यांची अहिराणी माझ्यापेक्षा बरी. क्षीण आवाजात त्यांनी मला विचारलं, "झुलालभाऊ, नूतन जेवनी का?"

मी म्हणालो, "अं?"

"आखाजी शे. पोर माहेरी उनी नही. जेवनी का ती?"

सगळे माझ्याकडे बघत होते. मी खिशातून मोबाइल काढला, कशाला ते मलाही माहीत नाही. सकाळपासूनचे सात फोन, अकरा मेसेज. सगळे विमानाचे. मी म्हणालो, "माहीत नाही, भाभी." लगेच फोन लावला. उचलला नाही.

"ऱ्हाऊ द्या. निजनी व्हई," बाई म्हणाल्या. "सकाळी इचारसू."

त्या रात्री मी घरी जाऊन घागरीसमोर बसलो. बायकोचा फोटो होता. तिच्याकडे काही बघवेना.

सकाळी पावणेसातला आम्ही परत त्या हॉलमध्ये. डॉक्टर शेजारी बसलेले, हातात बाईंचं मनगट. सूर्य उगवून दोन घटका झाल्या, रसाची वेळ झाली. अर्हमनं पहिला कलश उचलला आणि आजीच्या ओठांपाशी नेला. बाईंनी त्यावर तळवा आडवा धरला.

"आधी नूतनले फोन लाव," त्या मला म्हणाल्या.

"आई, आधी घ्या ना!" चेलना रडकुंडीला आली. "बाई, हट्ट करू नका," डॉक्टर म्हणाले. बाईंचा तळवा हलला नाही. नंबर दोनदा चुकला. मग लागला. मी स्पीकर सुरू केला.

"नाना?" आवाजात झोप होती, आणि भीती. "काकी?"

"काकी बऱ्या आहेत. कुणाला काही झालं नाही, पोरी." मी फोनकडे वाकलो. "नूतन, तू जेवलीस का काल?"

पलीकडे पंख्याचा आवाज येत होता.

"नाही," ती म्हणाली. "माझ्या जागी बसवलेल्याची झोप मोडली होती ना, म्हणून माझी जेवणाची सुटी मी त्याला दिली. नंतर दुसरी पाळी पण करायला लागली. चहा-बिस्किट झालं दोनदा. रूमवर आले आणि तशीच पडले." आणि मग एकदम, लहानपणी रडायची तशी, ती हुंदके देऊन रडायला लागली. "नाना, मला वाटलं होतं तुम्ही गेलात."

"चुकलं माझं," मी म्हणालो. सगळ्यांसमोर म्हणालो. "विमान तू सोडलं नव्हतंस, हे पण मी यांना सांगितलं नाही. माझं चुकलं, पोरी."

मोहनबाई पुढे वाकल्या. "नूतन, घरात काय शे?"

"परवाची पोळी आहे, काकी. गुळाचा खडा आहे."

"आन. खाय. मी बसेल शे."

आम्ही सगळे त्या फोनकडे बघत बसलो. डबा उघडल्याचा आवाज आला. नाक ओढल्याचा आला. मग शिळी पोळी चावल्याचा.

मोहनबाईंनी तळवा काढला.