नऊ दिवसांचे ठोकळे

परीक्षित नावाचा तो प्राणी इलिनॉय राज्यातल्या शॉमबर्ग गावच्या ऑफिसात आला तेव्हा त्याच्या पायात पांढरेशुभ्र बूट होते आणि तोंडात एकच वाक्य होतं: ‘कोड लिहायची गरजच नाही.’ पहिल्या तासात त्याने ते सात वेळा म्हटलं. नीलांबरीने मोजलं. त्या मीटिंगमध्ये तिला दुसरं काही काम दिलेलंच नव्हतं.

ही कंपनी रेस्टॉरंटांना बर्फाची मशिनं विकायची. मशीन बिघडलं की डीलर वॉरंटीचा क्लेम पाठवायचा, आणि तो मंजूर करायचा की नाही हे ठरवणारी सिस्टिम नीलांबरीने बांधली होती. एकटीने. अकरा वर्षं ती एकटीच तिचं सगळं बघत होती. दिसायला ती सिस्टिम रुक्ष होती हे खरं. करडी स्क्रीन, बारीक अक्षरं. पण चुकीचा क्लेम तिच्यातून कधी सुटला नव्हता आणि बरोबर क्लेम कधी अडला नव्हता.

आणि आता डायरेक्टर कर्टला कुठल्याशा कॉन्फरन्समध्ये साक्षात्कार झाला होता. म्हणे हल्ली ॲप कुणीही बनवतं. स्क्रीनवर रंगीत चौकोन ओढायचे, एकमेकांना जोडायचे, की झालं. याला म्हणायचं लो-कोड. विकत घेण्याआधी तीन आठवडे वापरून बघायचं ठरलं होतं आणि त्या वापरून बघण्याला प्रूफ ऑफ कन्सेप्ट असं भारदस्त नाव होतं. क्लेम्स विभागातल्या दोघीजणी, ते विकणाऱ्या कंपनीने पाठवलेल्या परीक्षितला हाताशी धरून, नीलांबरीची सिस्टिम नव्याने बांधणार होत्या. ‘आयटीने हात लावायचा नाही,’ असं कर्टने बजावलं होतं. आयटी म्हणजे नीलांबरी, दुसरं कोण! हे जमलं तर नीलांबरीची गरज उरणार नव्हती. कर्टने तसं तोंडाने म्हटलं नाही, पण ते कळायला काही पंचांग उघडावं लागत नव्हतं.

ग्रीन कार्डाच्या रांगेत तिचं तेरावं वर्ष चालू होतं. नोकरी गेली तर साठ दिवसांत दुसरी शोधायची, नाहीतर सामान बांधायचं. नवरा दिगंबर तिच्याच व्हिसाच्या आधारावर इथे नोकरी करत होता, म्हणजे तिची गेली की त्याचीही गेलीच. मुलगी इशिताचं हायस्कूलचं शेवटचं वर्ष होतं. या सगळ्याचा निकाल रंगीत चौकोनांवर लागणार होता.

नीलांबरी त्यांना ‘ठोकळे’ म्हणायची. घरी, गाडीत, फोनवर. सॉफ्टवेअरचं खरं नाव तिने एकदाही उच्चारलं नाही. “आज काय केलं ठोकळ्यांनी?” दिगंबर विचारायचा. “आज हिरवा ठोकळा निळ्याला जोडला, आणि टाळ्या वाजवल्या,” ती सांगायची. “बालवाडी आहे रे नुसती. तो परीक्षित ‘वॉव’ म्हणतो, त्या दोघी ‘वॉव’ म्हणतात, मग सगळे डोनट खातात.”

पहिला आठवडा असाच वॉव-वॉवमध्ये गेला. दुसऱ्या आठवड्याच्या सोमवारी घोडं अडलं. अडणारच होतं. वॉरंटीचे नियम कुणी ठोकळे ओढावेत म्हणून बनवलेले नव्हते. कॉम्प्रेसरला पाच वर्षं, पंपाला दोन. मशीन एका रेस्टॉरंटमधून दुसरीकडे हलवलं तर वॉरंटी संपली. पण हलवणारा डीलर मूळचाच असेल तर संपली नाही. आणि पंप आधीच एकदा बदलून दिला असेल तर दिवस मोजायचे ते मूळ मशिनाच्या तारखेपासून. असे पन्नासेक ‘पण’ होते. बरेचसे कुठल्या कागदावर नव्हतेच. अकरा वर्षं डीलर लोकांच्या शिव्या फोनवर ऐकून ऐकून ते नीलांबरीच्या डोक्यात जमा झाले होते.

“नीलांबरीताई, एक छोटासा डाऊट होता,” परीक्षित तिच्या डेस्कशी येऊन म्हणाला.

ताई! पुण्याहून निघून इथे येईपर्यंत माणूस सगळं विसरतो, पण काम फुकट करून घ्यायचं असलं की बरोब्बर ताई आठवते.

“आयटीने हात लावायचा नाहीये,” ती म्हणाली.

“हो हो, ते आहेच. मला फक्त विचारायचं होतं. कर्ट म्हणत होता की जुन्या सिस्टिमचं आत काय चालतं ते कुणालाच माहीत नाही. म्हटलं, इतकी वर्षं झाली, तुम्हालाही आता नीट आठवत नसेल.”

हे तो भाबडेपणाने म्हणाला की बनेलपणाने, हे नीलांबरीला शेवटपर्यंत कळलं नाही. पण बाण बरोबर लागला. आठवत नसेल? तिला? तिने त्याला लॅपटॉप उघडायला लावला आणि त्याचे ठोकळे बघितले. बघून अंगाचा तिळपापड झाला. सगळ्या भागांना सरसकट पाच वर्षं! मूळ डीलरचा पत्ता नाही! एवढ्या गचाळ कामाला पोरं शाळेत छड्या खातात.

“या ठोकळ्यांना एवढं कळत नाही,” परीक्षित खालच्या आवाजात म्हणाला. “पण हा एक करड्या रंगाचा आहे बघा. कस्टम. याच्या आत कोड लिहिता येतो.”

“म्हणजे कोड लिहायची गरज नाही, पण लिहायला जागा आहे.”

“तसंच काहीसं,” तो हसला. लाज नावाची गोष्ट त्याच्या सामानात आलीच नव्हती.

त्या दुपारी तिने एक करडा ठोकळा भरून दिला. मंगळवारी दोन. मग तिचा तिलाच आवर राहिना. डेमो तिसऱ्या आठवड्याच्या शुक्रवारी होता. सोमवार धरून हातात कामाचे एकूण नऊ दिवस होते. बुधवारी तिने दिगंबरला सांगून टाकलं.

दिगंबर पोळी हातात धरून तिच्याकडे बघत राहिला. “अगं, तू स्वतःच्या पायावर धोंडा मारून घेतेयस! बुडतोय तर बुडू दे ना त्याला.”

“बुडाला तर कर्ट म्हणेल, आणखी तीन आठवडे द्या. मी काय करतेय ते ऐक तरी. सगळं काम माझा कोड करणार. डेमोत त्याने ‘एक ओळ कोड नाही’ असं म्हटलं रे म्हटलं, की मी उठणार आणि ठोकळे उघडून दाखवणार. सगळ्यांसमोर तोंडघशी पाडते त्याला.”

“आणि तुला हात लावू नको म्हटलं होतं, त्याचं काय?”

“त्याने मागितली म्हणून मदत केली. मेसेज आहेत माझ्याकडे.”

“नीला, पण काम तर झालेलं असेल ना,” दिगंबर म्हणाला. “आत काय भरलंय याची कुणाला पडलीय?”

तिला त्याचा राग आला. लॅबमध्ये नळ्या धुणाऱ्या माणसाने सॉफ्टवेअरमधलं शिकवावं! तसं ती बोलली नाही, पण तिच्या तोंडावर ते आलं असावं, कारण त्याने पुढे मुकाट्याने जेवण संपवलं.

शुक्रवारी डेमोला मोठी खोली गच्च भरली. परीक्षितने स्क्रीनवर ॲप लावलं. हिरवे-निळे चौकोन, गोल कोपरे, वरती बर्फाच्या खड्याचं चित्र. एकामागून एक क्लेम गेले. हलवलेलं मशीन, मूळचा डीलर, आधी बदललेला पंप. एकूण एक निर्णय अचूक. क्लेम्सच्या दोघी स्वतःच केल्यासारख्या फुलल्या होत्या. “आणि हे सगळं,” परीक्षितने दोन्ही हात पसरले, “कोड लिहायच्या कटकटीशिवाय!”

नीलांबरी उठणार, तेवढ्यात कर्ट म्हणाला, “थांब. मी मुद्दाम चुकीचा नंबर टाकून बघतो.” त्याने कीबोर्ड ओढला आणि सिरियल नंबरच्या जागी काहीतरी आगडंबगडं टाईप केलं.

स्क्रीनवर लाल पट्टी आली. तिच्यात इंग्रजी अक्षरांत ठळक लिहिलेलं होतं: ‘डोळे फुटले का? नंबर बघ ना बाबा!’

ते वाक्य नीलांबरीचंच होतं. चाचणी घेताना असे निरोप ती नेहमी मराठीत लिहायची, स्वतःच्या करमणुकीसाठी, आणि सिस्टिम लोकांच्या हाती द्यायच्या आत एकेक बदलून साधंसरळ इंग्रजी करायची. घाईत हा एक राहून गेला होता.

“हे काय आहे?” कर्टने विचारलं.

खोलीत मराठी वाचणारी माणसं दोनच होती. दुसऱ्याने डोळ्याची पापणीही लवू दिली नाही. “मल्टिलिंग्वल सपोर्ट,” परीक्षित म्हणाला. “आपोआप मिळतो. सिरियल नंबर कृपया तपासावा, असं लिहिलंय.”

कृपया! नीलांबरीला हसावं की त्याच्या डोक्यात डोनटचा खोका घालावा कळेना.

“कृपया वगैरे काही नाही,” ती उभी राहून मोठ्याने म्हणाली. “तू आंधळा आहेस का, असं लिहिलंय. ते मी लिहिलंय. माझ्या भाषेत. यातला वॉरंटीचा एकूण एक नियम मी लिहिलाय, हाताने, कोडमध्ये. ठोकळे उघड, परीक्षित.”

तो उघडेना, म्हणून तिनेच माऊस घेतला. करडे ठोकळे ती एकामागून एक उघडत गेली. एकूण चौदा ठोकळ्यांपैकी अकरा करडे. ओळीच ओळी, खाली सरकवाव्यात तितक्या. क्लेम्सच्या दोघींनी माना खाली घातल्या. परीक्षितच्या मानेवर घाम आला होता आणि तो बघून नीलांबरीला अगदी थंडगार, गोड समाधान वाटलं. जिंकली होती ती. भर सभेत.

“लो-कोड म्हणालो होतो, कर्ट,” परीक्षित घसा साफ करून म्हणाला. “नो-कोड नाही.”

कर्टने त्याच्याकडे बघितलंही नाही. तो स्क्रीन वाचत होता. मग नीलांबरीकडे वळला.

“किती दिवस लागले तुला?”

“नऊ,” ती म्हणाली. ताठ मानेने म्हणाली. नऊ दिवसांत एकटीने हे करणारं माणूस अख्ख्या इलिनॉयमध्ये दुसरं नव्हतं, आणि ते सगळ्यांना कळायलाच हवं होतं.

“ती सगळी जुनी सिस्टिम? नऊ दिवसांत?”

“सगळी.”

“मग अकरा वर्षं तू काय करत होतीस?”

तो कुत्सितपणे विचारत नव्हता. खरोखरच त्याला कळत नव्हतं.

“काय बांधायचं ते शिकत होते,” ती म्हणाली.

कर्टने मान डोलावली. त्याला ते पटलं होतं. “आणि आता ते बांधून झालंय,” तो म्हणाला. “थँक यू. मनापासून.”

पुढचं सोमवारी एचआरच्या बाईंनी सांगायचं होतं, पण कर्ट भला माणूस. त्याने केबिनमध्ये बोलावून दुपारीच सांगितलं. महिनाअखेर शेवटचा दिवस. हात लावू नको म्हटलेल्या कामाला हात लावला, त्याबद्दल तो चकार शब्द बोलला नाही. उलट शिफारसपत्र देतो म्हणाला.

ती पार्किंगमध्ये गाडीत जाऊन बसली आणि दिगंबरला फोन लावला.

“काय झालं?” त्याने विचारलं. “पडला का तोंडघशी?”

“साठ दिवस आहेत आपल्याकडे,” ती म्हणाली. “महिनाअखेरीपासून धरले तर.”

मी सांगितलं होतं, असं तो म्हणाला असता तर बरं झालं असतं. निदान भांडता आलं असतं.

“म्हणजे ते चाललं?” त्याने विचारलं. “डेमोत काहीच चुकलं नाही?”

“माझं काय चुकणार?” ती म्हणाली. “एक क्लेम इकडचा तिकडे झाला नाही.”

आणि हे सांगताना आपला आवाज केवढा फुलून आला, ते ऐकून तिला स्वतःचीच शिसारी आली.