फाटलेल्या कोपऱ्याचं कार्ड

मित्रांनो, मी रायपूरच्या तात्यापारा मोहल्ल्यातली एक जुनी पत्रपेटी आहे. पत्र्याची, गंजलेली, आणि आता गुन्हेगारसुद्धा.

रेल्वेतून निवृत्त झाल्यावर श्यामकांतकाकांनी मला सदर बाजारातून आणून दाराला ठोकलं. ते मराठी कथा लिहीत. इथे मराठी वाचणारे थोडे, आणि नागपूर-पुण्याचे संपादक साधं उत्तरही देत नसत. त्यांचा वाचक एकच, धमतरीकडच्या खेड्यात पंक्चर काढणारा भैय्यालाल. काका टपालाने पाठवत त्या मराठी कथा तो अडखळत वाचायचा, स्वतः हिंदीत कविता करायचा. त्यालाही कुठल्या संमेलनात कोणी उभं करत नसे. दर आठवड्याला त्याचं पोस्टकार्ड माझ्या पोटात पडायचं. कार्ड उघडंच, म्हणून मीही वाचायची. काय सांगू, फार बरं वाटायचं! काका दिवाळीला मला घासून तेल लावत.

मग रायपूर नव्या छत्तीसगडची राजधानी झाली. साहित्याचे मोठमोठे कार्यक्रम झाले, या दोघांना कुणी विचारलं नाही. काकांना मोतीबिंदू झाला. कार्डं सून विनीता वाचून दाखवू लागली. माझ्याकडे बघायला कोणाला वेळ? माझ्या तोंडाची कड गंजून धारदार झाली.

एकदा भैय्यालालचं कार्ड तिथेच अडकलं. पोस्टमनने रेटलं आणि कोपरा फाटला. त्याने लिहिलं होतं, आजार वाढलाय, कवितांची वही तुमच्याकडे पाठवू का? उत्तर आलं नाही तर समजेन, त्या ठेवण्यालायक नाहीत.

आता आमच्याकडे मयताची खबर देणाऱ्या कार्डाचा कोपरा फाडून धाडतात. ते घरात नेत नाहीत, दारातच वाचून फाडतात.

विनीता उंबऱ्यावर थबकली. "बाबा, भैय्यालालजींच्या गावचं आहे. कोपरा फाटलेला आहे."

"वाचू नको," काका म्हणाले. "मले ऐकवणार नाही. फाडून टाक."

मी सांगणार तरी कशी? काकांनी आंघोळ केली. दोन दिवस ते जेवले नाहीत.

महिन्याने पुन्हा कार्ड आलं, धडधाकट. विनीताने ते दारातच वाचलं. "जवाब नहीं आया, भैया. हम समझ गए. कविता की कापी कल चूल्हे में डाल दी."

काका खाली बसले. "तो जिता होता पोरी, अन् मी आंघोळ करून मोकळा झालो."

मित्रांनो, दारावरच्या पेटीला वर्षातून एकदा तेल लावत जा. आणि कार्ड कसंही आलं, तरी आधी वाचा.

काकांनी उत्तर द्यायचं ठरवलं. विनीता कोरं कार्ड घेऊन बसली. त्यांनी पत्ता सांगितला. पुढचा मजकूर सांगण्याऐवजी ते कार्डाचे चारही कोपरे बोटांनी चाचपत बसले.