उशीवरची दुसरी फ्लॉपी

गेस्ट हाऊसवाल्या बाईंनी उशांच्या खोळींचं सगळं काम मामालाच दिलं. हे आधीच सांगून टाकलं, म्हणजे कुणाचा जीव टांगणीला नको. आता हे घडलेलंच नाही असं धरू. बाई अजून यायच्या आहेत आणि मामाच्या तोंडचं पाणी पळालेलं आहे.

मामाचं भरतकामाचं दुकान. तो कोपऱ्यातल्या जुनाट संगणकावर नक्षी काढायचा, फ्लॉपीवर भरायचा, फ्लॉपी मशीनच्या फटीत सरकवायचा आणि मशीन ती नक्षी कापडावर उतरवायचं. मागच्या आठवड्यात संगणकानं मान टाकली. बाकीच्या नक्षी त्यातच अडकल्या, फ्लॉपीवर उरली एकच, बदकाची. मामानं स्वतः काढलेलं, जरासं सुजलेलं बदक. गल्लीतल्या प्रत्येक रुमालावर, टॉवेलवर, लाळेऱ्यावर तेच पोहत होतं. बाईंचा निरोप स्पष्ट होता: संध्याकाळी येते, बदक सोडून काहीही दाखवा, नाहीतर समोरचं दुकान उघडंच आहे.

“इंजिनिअरीणबाई, करा काहीतरी,” मामा भाचीला म्हणाला. या हाकेत कौतुक किती आणि टोमणा किती, हे रोजच्या हवेवर ठरायचं.

भाचीनं तोड काढली होती. जगभरातल्या हुशार आणि रिकामटेकड्या लोकांनी मिळून एक ऑपरेटिंग सिस्टिम लिहिली होती. कुणीही घ्यावी, उघडून बघावी, बदलावी. दोन फ्लॉपींवर मावायची. पहिली संगणकाला झोपेतून उठवणार, दुसरी त्याला तोंड धुवायला लावून कामाला जुंपणार.

“फुकट?” मामानं डोळे बारीक केले. “मग खोट काय आहे त्यात?”

“असली तर आपणच काढायची.”

“म्हणजे घरच्यासारखंच की.”

खणात एक कोरी फ्लॉपी सापडली. दुसरी बदकाची, वर बदकाचा स्टिकर चिकटवलेली. तिच्यावर कुणी चुकून काही लिहू नये म्हणून मामानं खिटी सरकवली होती आणि वरून डिंकही लावला होता.

“मामा, हिची नक्कल आहे?”

“बदकाची नक्कल होत नसते.”

हे खरंच होतं. मशीनची फ्लॉपी नक्षीच्या प्रोग्रॅमशिवाय साध्या संगणकाला वाचताच येत नसे.

मामानं अंगातला शर्ट काढला, मशीनला लावला आणि खिशावर शेवटचं बदक भरून घेतलं. तोवर तो बनियनवर, सावधान स्थितीत उभा होता. “घेऊन जा,” तो म्हणाला. “माझ्या डोळ्यांदेखत पुसू नकोस.”

भाचीनं डिंक खरवडला आणि शेजारच्या फोटोवाल्याच्या संगणकावर, इंटरनेटवरून, दोन्ही फ्लॉपी भरून घेतल्या. दुसरीच्या वेळी जरा जास्तच चरचर झाली.

“कोण गेलं?” फोटोवाल्यानं विचारलं.

“बदक.”

“अरेरे. पण वयही झालं होतं हो.”

परत येऊन भाचीनं पहिली फ्लॉपी घातली. संगणक खाकरला. मग दुसरी घातली. काळ्या पडद्यावर पांढरी अक्षरं भराभरा पळाली आणि शेवटी एक चौकोन शहाण्यासारखा लुकलुकत उभा राहिला. भाचीला इतका आनंद झाला की तिनं फ्लॉपी काढून मशीनजवळच ठेवून दिली.

“झालं! उठला!”

“नक्षी कुठं काढायची?”

भाचीनं घसा साफ केला. “तो प्रोग्रॅम तिसऱ्या फ्लॉपीवर आहे.”

तिसरी फ्लॉपी नव्हती आणि बाई जिना चढत होत्या. मामाचं डोकं चालेना, हाताची सवय तेवढी चालू राहिली. बदकाचा स्टिकर दिसताच हातानं फ्लॉपी उचलली, मशीनला भरवली आणि बटण दाबलं.

“मामा, ते बदक नाही!”

साध्या संगणकाला मशीनचं वाचता येत नसे, पण मशीनला कसलाच अभिमान नव्हता. पुढ्यात येईल ते शिवायचं. नमुन्यासाठी लावून ठेवलेल्या खोळीवर ते ऑपरेटिंग सिस्टिम शिवायला लागलं. एक वेल सरसर वर गेली, मध्येच काहीतरी आठवल्यासारखी मागे फिरली, स्वतःलाच तीनदा ओलांडून फुटली आणि खाली डाव्या कोपऱ्यात तिचा दोऱ्याचा गोळा झाला.

बाईंनी खोळ उचलून उजेडात धरली. “हे कुणी काढलं?”

“जगभरातल्या लोकांनी,” भाची म्हणाली. यात खोटं काही नव्हतं.

“हाताला वळण आहे हो! असंच सगळ्या खोळींवर करा. फक्त हा गोळा तेवढा गालाला टोचेल. तो काढायला सांगा त्यांना, तोवर मी उशा उलट्या ठेवते.”

बाई गेल्यावर मामानं बदकावरून हात फिरवत शर्ट घातला. “खोट आपणच काढायची म्हणाली होतीस.”

“त्यांनाच लिहिते,” भाची म्हणाली. संगणकाला लिहिता तरी येत होतं. ती लिहू लागली आणि मामा खांद्यावरून वाकून भर घालत राहिला:

“प्रति, सिस्टिमचे सर्व लेखक. महोदय, आपल्या पुढील आवृत्तीत दुसऱ्या फ्लॉपीच्या शेवटाकडचा मजकूर किंचित विरळ करावा, जेणेकरून डाव्या कोपऱ्यात दोरा गोळा होणार नाही. तसेच, संगणकाच्या कामकाजात अडथळा येत नसल्यास, मध्यभागी एक बदक असावे, ही नम्र विनंती.”